पाईप न लावता स्प्रेने गाडी पुसली की पट्टे राहतात, त्याचं काय करायचं

गाडी पुसण्यावर एवढं लांबलचक कोण लिहितं असं वाटेल, तर ज्याची गाडी गडद निळी आहे आणि ज्याच्या सोसायटीत पाईप बंद झालाय तो लिहितो. पांढरी किंवा सिल्व्हर गाडी असेल तर तुम्हाला यातलं निम्मं दिसणारच नाही, सुखी आहात, तरी फडक्यांचं तेवढं वाचा.

आम्ही पुण्यात धायरीकडे राहतो. खडकवासला धरण दुचाकीवर वीस मिनिटांवर, २०१७ ला गाव महापालिकेत पण आलं, आणि आमच्याकडे मार्चपासून टँकर सुरू. अर्ध्या इंची पाईपातून मिनिटाला साधारण दहा ते पंधरा लिटर पाणी जातं, पंधरा मिनिटं गाडी धुतली की दीडशे-दोनशे लिटर गेले, आणि सोसायटीत साठ गाड्या आहेत, म्हणजे रविवारी सगळ्यांनी पाईप लावला तर दहा हजार लिटरचा जवळजवळ एक अख्खा टँकर नुसता गाड्यांवरून वाहून गटारात. हा हिशोब कोणीतरी मीटिंगमध्ये मांडला आणि लिफ्टमध्ये नोटीस लागली, पाईप लावलेला दिसला तर ५०० रुपये दंड. मला पटलं खरं सांगायचं तर. बंगळुरात मार्च २०२४ मध्ये तिथल्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली तर ५,००० दंड लावला होता, त्यामानाने आम्ही स्वस्तात सुटलो.

मग स्प्रे आणला. वॉटरलेस वॉश म्हणतात तो, फवारा, पुसा, झालं. पहिल्या दिवशी बेसमेंटच्या ट्यूबलाईटमध्ये गाडी एकदम झकास दिसली, मी फोटो पण काढला. दुसऱ्या दिवशी सिग्नलला उन्हात उभा राहिलो आणि बॉनेटवर बघतो तर पट्टेच पट्टे, कोणीतरी तेलाचा हात फिरवल्यासारखे. परत पुसली, परत पट्टे. स्प्रे बदलला, परत पट्टे. दुसरा स्प्रे महाग होता म्हणून त्याचे पट्टे जास्त जिव्हारी लागले. तीन महिने हे चाललं होतं आणि शेजारचे काका रोज विचारायचे, "काय रे, गाडी पुसतोयस का देवघरातली भांडी?"

तर आता काय सापडलं ते सांगतो. सापडायला वेळ लागला कारण मी सगळं एकदम बदलायचो, स्प्रे पण नवीन, फडकं पण नवीन, वेळ पण वेगळी, मग काय चुकलं ते कळणार कसं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि तीही अर्ध्या बॉनेटवर. बॉनेटच्या मधोमध मास्किंग टेप लावायची, डावीकडे जुनी पद्धत, उजवीकडे नवी. येडपट दिसतं पण दोन रविवारांत जे कळलं ते आधीच्या तीन महिन्यांत कळलं नव्हतं.

सगळ्यात आधी हे बघा की तुम्ही ज्याला पट्टे म्हणताय ते नेमकं काय आहे. मी सगळ्यालाच पट्टे म्हणत होतो आणि प्रत्यक्षात तीन वेगळ्या भानगडी होत्या, तिन्हींचं औषध वेगळं. स्वच्छ कोरडं बोट त्या जागी हलकेच फिरवा (धूळ असताना नाही, पुसून झाल्यावर), जर पट्टा बोटाबरोबर सरकला, फराटा उमटला, तर तो स्प्रेमधला मेण किंवा सिलिकॉनचा उरलेला थर. जर पांढरे गोल ठिपके असतील, मधे स्वच्छ आणि कडेने पांढरी रेघ, चहाच्या कपाचा डाग पडतो तसे, तर ते पाण्यातले क्षार. आणि तिसरा प्रकार, मोबाईलचा टॉर्च लावला की दिव्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा दिसतात आणि बोट फिरवून काहीच फरक पडत नाही, ते ओरखडे. ते पुसून जाणार नाहीत, कितीही महागाचा स्प्रे मारा. खात्री करायची तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं करून तेवढ्याच जागी पुसा, थर असेल तर गेलाच, ओरखडा असेल तर उलट जास्त स्पष्ट दिसेल कारण त्याच्यावर बसलेलं मेण निघून जातं.

माझ्या गाडीवर तिन्ही होते. अर्थात.

आता हा स्प्रे करतो काय ते थोडं. त्यात साबणासारखा मळ सोडवणारा पदार्थ असतो आणि बुळबुळीतपणा आणणारी पॉलिमर्स असतात, बऱ्याच जणांत वर मेण किंवा सिलिकॉन पण घालतात चकाकीसाठी. धुळीच्या कणाभोवती हे द्रावण गुंडाळलं जातं, कण रंगापासून जरा सुटा होतो आणि मग फडक्याच्या केसांत अडकून वर उचलला जातो. म्हणजे यात पाण्याचं काम फडकं करतंय. पाईपाने धुताना माती पाण्याबरोबर खाली जाते, इथे ती जायला फडक्याशिवाय दुसरी जागाच नाही. हे एकदा डोक्यात बसलं की निम्म्या चुका आपोआप कळतात. मी अख्खी गाडी दोन फडक्यांत पुसत होतो! म्हणजे पहिल्या दरवाज्यावरची माती उचलून शेवटच्या दरवाज्यापर्यंत नेऊन घासत होतो, वर त्याला वॉश म्हणत होतो.

गाडीच्या रंगावर जो पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट, तो साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो, माणसाच्या केसापेक्षा पातळ. आणि आपल्याकडची धूळ म्हणजे काय, तर निम्मी बांधकामाची, क्रश सँडची, म्हणजे काळा पाषाण फोडून केलेली भुकटी, त्यातला फेल्डस्पार कडकपणाच्या मोज मापावर ६ च्या आसपास, नदीच्या वाळूतला क्वार्ट्झ ७. घरातल्या चाकूचं पोलाद साडेपाच. आता असल्या भुकटीवर कोरडं फडकं दाबून फिरवलं की काय होणार ते सांगायला नको.

यावरून आठवलं, गाडी पुसायला येणारा दादा. तो सकाळी साडेपाचला येतो, एक बादली, एक पिवळं फडकं, वीस गाड्या. सातव्या-आठव्या गाडीपर्यंत त्या बादलीतलं पाणी म्हणजे पातळ पिठलं झालेलं असतं, आणि त्यात त्याचा काही दोष नाही, महिन्याच्या त्या पैशांत आणि त्या वेळेत तो आणखी काय करणार, पाणी पण सोसायटी एकच बादली देते. माझ्या बॉनेटवरचं कोळ्याचं जाळं बहुतेक तिथलंच, त्यात मी वरून दोन फडक्यांची भर घातली. त्याला काढलं नाही, आता तो माझी फक्त चाकं आणि आतलं मॅटिंग करतो, पैसे तेवढेच, आणि चाकांसाठी वेगळं फडकं मी देतो. बाहेरून गाडीला हात लावू नको म्हटल्यावर त्याला आधी वाईट वाटलं होतं, मग मी टॉर्च लावून दाखवलं तर म्हणाला, "साहेब, सगळ्यांच्याच गाडीवर हाय हे, तुमीच पयले बघितलं."

फडक्यांवर येतो. माझी पहिली मोठी चूक इथे होती. मायक्रोफायबर चांगलीच आणली होती, पण धुवायला घरच्या मशीनमध्ये टॉवेलबरोबर टाकली आणि बायकोने नेहमीप्रमाणे शेवटच्या पाण्यात वासाचं फॅब्रिक सॉफ्टनर घातलं. तिची काही चूक नाही, मी सांगितलंच नव्हतं. मायक्रोफायबर म्हणजे पॉलिएस्टर आणि पॉलिअमाईडचे अतिबारीक चिरलेले तंतू, बहुतेक ८०-२० किंवा ७०-३०, त्या चिरांमध्येच मळ आणि ओल धरली जाते. सॉफ्टनर तिथे जाऊन बसतो, चिरा बुजतात, मग ते फडकं ओल शोषत नाही, नुसतं इकडचं तिकडे सारवतं. तुमचं फडकं असं झालंय का ते कळायला सोपं आहे, ओट्यावर चमचाभर पाणी सांडा आणि फडकं नुसतं वर ठेवा, दाबू नका. प्यायलं तर ठीक. कडेने पाणी ढकलत नेलं तर गेलं ते कामातून. शिवाय टॉवेलचे कापसाचे तंतू त्यात अडकतात ते वेगळेच, काचेवर पांढरे केस दिसतात ना पुसल्यावर, ते.

आता फडक्यांची वेगळी बादली आहे, पातळ डिटर्जंट, कोमट पाणी, हाताने खळखळून, सावलीत वाळत. ड्रायरमध्ये गरम हवेवर टाकू नका, तंतू वितळून टोकं कडक होतात आणि मग तेच फडकं ओरखडे पाडतं. खाली जमिनीवर पडलेलं फडकं गाडीला परत लावायचं नाही, कितीही झटकलं तरी. हा नियम मी मोडला नाही असं नाही, पण दर वेळी पस्तावलोय.

फडकी बदलली आणि तेलकट फराटे निम्म्याहून कमी झाले. पण पांढरे ठिपके आणि एक विचित्र धुरकट पापुद्रा काही जाईना, आणि इथे माझी जी फजिती झाली ती सांगायलाच हवी कारण मला खात्री आहे हे आणखी खूप घरांत चालू असेल.

दुसऱ्या वेळी मी जो स्प्रे आणला तो कॉन्सन्ट्रेट होता, म्हणजे घट्ट, पाण्यात मिसळून वापरायचा. आणि मी पडलो काटकसरी. घरच्या आरओचं जे वाया जाणारं पाणी असतं ते आम्ही बादलीत साठवतो, फरशी पुसायला, संडासात टाकायला, तर मी तेच घेतलं, म्हटलं फिल्टरमधूनच आलंय, स्वच्छ असणार. अहो, ते स्वच्छ नाही, ते फिल्टरने नाकारलेलं पाणी आहे! पिण्याच्या पाण्यातून जे क्षार काढले ते सगळे त्या बादलीत. एका मित्राकडे टीडीएस मीटर होता, म्हणजे लिटरभर पाण्यात किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते सांगणारा, तो आणून मोजलं, टँकरचं पाणी ८७०, आरओचं पिण्याचं ६०, आणि बादलीतलं १,२४०. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, टीडीएस ५०० पर्यंत असावा असं आहे, दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्यायचं. म्हणजे मी गाडीवर प्रेमाने, बारीक फवारा करून, क्षार पसरवत होतो. पाणी उडून गेलं की मागे कॅल्शियम-मॅग्नेशियमची पांढरी पूड, वर स्प्रेमधलं मेण ती पूड धरून ठेवणार. कुठलाही स्प्रे याच्यापुढे काय करणार, आणि मी तीन महिने स्प्रेला शिव्या देत होतो.

टीडीएस म्हणजे सगळा पाण्याचा जडपणाच नाही, मीठसुद्धा त्यात मोजलं जातं, पण अंदाज यायला पुरतो. मीटर नसेल तर पाण्यात थोडा साधा अंगाचा साबण ढवळून बघा, फेस न येता दह्यासारखा साका आला की समजा जड पाणी आहे. गिझरचं कॉइल आणि नळाच्या तोटीवरचा पांढरा थर पण तेच सांगतो.

आता पाणी कुठलं घ्यायचं. एका गाडीला मिसळलेलं द्रावण लागतं अर्धा-पाऊण लिटर, तेवढ्यासाठी आरओचं पिण्याचं पाणी चालतं, मला त्यात मन खातं म्हणून मी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणतो, पाच लिटरचा कॅन दोन महिने पुरतो. उन्हाळ्यात एसीच्या पाईपातून जे पाणी गळतं तेही हवेतली वाफ थंड होऊन आलेलं असतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात, माझ्याकडे मोजलं तर ३० च्या आत आलं. फक्त ते गाळून घ्या, एसीच्या आतली धूळ आणि बुळबुळ त्यात येते, आणि ताजं वापरा, आठवडाभर साठवून वास मारायला लागलेलं नको.

आणि बाटलीवरचं प्रमाण वाचा, खरंच वाचा. वॉटरलेस आणि रिन्सलेस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दुकानदार दोन्हीला एकच म्हणतो. वॉटरलेसमध्ये थेट फवारून पुसायचं. रिन्सलेसमध्ये बादलीभर पाण्यात थोडंसं औषध टाकून ओल्या फडक्याने पुसायचं आणि वरून पाणी न मारता कोरडं करायचं. ऑप्टिमम नो रिन्स नावाचं जे जुनं आणि प्रसिद्ध आहे त्याचं धुण्यासाठीचं प्रमाण २५६ ला १ आहे, म्हणजे साडेसात लिटर पाण्यात फक्त ३० मिली, आणि तेच बाटलीत भरून नुसती हलकी धूळ पुसायची तर १६ ला १. आता कोणी बादलीचं औषध "थोडं जास्त टाकू, जास्त चमकेल" म्हणून चार बुचं ओतली तर पट्टे येणारच. मी ओतली होती. सहा.

जास्त औषधाचंच पुढचं प्रकरण म्हणजे थरावर थर. दर आठवड्याला मेणवाला स्प्रे मारायचा, जुना थर निघत नाही, त्याच्यावर नवा, त्याच्यात नवी धूळ, असं करत बॉनेट चिकट होतं आणि एक दिवस असा येतो की काहीही केलं तरी फराटे. हा दिवस आला असेल तर स्प्रे बाजूला ठेवा आणि एकदाच सगळं कोरं करा. मी दोन बादल्या घेतल्या, एकीत गाडीचा शाम्पू, एकीत साधं पाणी, हाताने धुतली, तीस लिटरमध्ये झालं, सेक्रेटरींना आधी विचारून, उगाच भानगड नको. मग कोरडी करून ते अल्कोहोल-पाणी निम्मं-निम्मं एकेक पॅनलवर. ताज्या रंगावर, म्हणजे नुकतंच पेंटिंग करून आणली असेल तर, अल्कोहोल लावू नका, आणि पहिल्यांदा दाराच्या आतल्या कडेला लावून बघा. भांड्यांचा साबण, डोक्याचा शाम्पू, आणि वॉशिंग सेंटरवाले प्लास्टिकवर चकाकीसाठी डिझेल मारतात तसलं काही, हे नको. डिझेलवर तर तासाभरात सगळ्या सिंहगड रोडची धूळ येऊन बसते.

कोरी केल्यावर मी स्प्रेचं प्रमाण निम्म्यावर आणलं. चकाकी तेवढीच. उरलेले फराटे गेले.

ठिपके मात्र जे जुने बसले होते ते नुसतं चांगलं पाणी वापरून गेले नाहीत. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये चौपट डिस्टिल्ड पाणी घालून ओलं फडकं मिनिटभर ठिपक्यांवर ठेवलं आणि पुसलं, मग साध्या पाण्याने परत पुसलं, बरेचसे निघाले. उन्हात नाही, आणि वाळू द्यायचं नाही. काही इतके जुने होते की त्यांनी रंगात खड्डा केलाय, ते आता पॉलिश करणाऱ्याकडेच जातील, आणि पॉलिश म्हणजे तोच ४०-५० मायक्रॉनचा थर थोडा तासणं, त्यामुळे दर दिवाळीला करायची गोष्ट नाही ती.

आता वेळ. हे मला सगळ्यात किरकोळ वाटलं होतं आणि निघालं महत्त्वाचं. पुण्यात मार्च ते मे सकाळी नऊनंतर उघड्यावरच्या गाडीच्या बॉनेटला हात लावला तर चटका बसतो, तिथे स्प्रे मारला की फडकं पोचायच्या आत पाणी उडून जातं आणि औषध तिथेच शिजतं. हाताची मागची बाजू पॅनलवर पाच सेकंद आरामात टेकवता आली पाहिजे, नाही आली तर सावलीत घ्या आणि चहा पिऊन या. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर इंजिनमुळे बॉनेट सावलीतही गरम असतं, ते शेवटी करा. उलटं, डिसेंबर-जानेवारीत सकाळी गाडीवर दव असतं आणि ओलं आहेच तर पुसून घेऊ असा मोह होतो. नका. धूळ आणि दव मिळून झालेला तो पातळ चिखल असतो, त्यात तुमच्या स्प्रेचा बुळबुळीतपणा काहीच नाही. बांधकाम शेजारी चालू असेल तर त्यात सिमेंट पण असतं आणि ते रात्रीच्या दवात भिजून घट्ट धरतं, तसल्या दिवशी स्प्रे नाहीच. माझी मावसबहीण मुलुंडला राहते, तिचा त्रास वेगळा, जुलैत हवेतच इतकी ओल की पुसलेलं सुकतच नाही आणि धुरकट राहतं. तिला मी एवढंच सांगितलं की एका वेळी अर्धं पॅनल घे आणि दुसरं पूर्ण कोरडं फडकं लगेच मागोमाग फिरव, ते जमलं तिला.

आणि पावसाळ्यात चिखल उडालेली गाडी, कोकणातून लाल माती घेऊन आलेली गाडी, यांना स्प्रे लावूच नका, हे मी हात जोडून सांगतो. माझा नियम साधा आहे, दरवाज्याच्या खालच्या पट्टीवर मूळ रंग दिसत नसेल तर सरळ वॉशिंग सेंटर, प्रेशरच्या पाण्याने माती उतरवायची, पैसे द्यायचे. स्प्रे धुळीसाठी आहे, चिखलासाठी नाही. बाटलीवर चिखलाच्या गाडीचा फोटो छापलेला असला तरी.

मी सध्या करतो ते असं. बागेतला दोन लिटरचा पंप मारायचा स्प्रे घेतलाय, त्यात रिन्सलेसचं पातळ द्रावण, पूर्ण बाजू भिजवायची, खालून द्रावण गळताना दिसलं पाहिजे इतकी, कारण कंजूषपणा करायचा तो मेणाच्या स्प्रेत, या भिजवण्यात नाही. दोन मिनिटं थांबायचं. मग छतापासून सुरुवात, फडक्याची चौपदरी घडी, म्हणजे उलटसुलट मिळून आठ स्वच्छ बाजू, एका ओढीला एक बाजू, सरळ रेषेत, गोल गोल नाही, हाताचा भार न देता, फडकं स्वतःच्या वजनाने ओढलं जाईल इतकंच. ओढ संपली की फडकं उचलून घडी पलटायची. आठ बाजू मळल्या की ते फडकं बादलीत, दुसरं घ्यायचं. माझ्या हॅचबॅकला सहा-सात लागतात. दरवाज्यांचा खालचा तिसरा भाग आणि मागचा बंपर सगळ्यात शेवटी, चाकांना वेगळी फडकी, त्यांच्यावर ब्रेकची लोखंडी पूड असते, ते फडकं चुकून बॉनेटवर गेलं तर संपलंच, म्हणून चाकांची फडकी मी लाल घेतलीत आणि बाकी सगळी राखाडी. सगळं मिळून चाळीस मिनिटं. काका आता कट्ट्यावर बसून बघतात, मागच्या रविवारी स्वतःची गाडी पण लावून गेले, म्हणे नुसती बॉनेट करून दाखव.

पक्ष्यांची घाण पडली असेल तर रविवारची वाट बघू नका, ती रंग खाते, उन्हात तर एका दिवसात. टिश्यू पेपर द्रावणात भिजवून त्यावर पाच मिनिटं ठेवायचा आणि मग चिमटीत उचलायचा, घासायचं नाही, त्यात बिया आणि खडे असतात. आंब्याच्या झाडाखाली गाडी लावली तर जो चिकट रस पडतो त्यालाही तेच, दोन-तीनदा करावं लागतं.

काचेबद्दल एक, कारण हे धोक्याचं आहे. मेणवाला स्प्रे पुढच्या काचेवर मारू नका. दिवसा कळत नाही, रात्री कात्रजच्या घाटात समोरून गाडी आली की दिव्याचा अख्ख्या काचेवर धूर पसरतो, आणि पाऊस आला की वायपर थरथरत, कुरकुर करत चालतो. माझ्याकडे झालं होतं, मी वायपरचे ब्लेड बदलून आणले, उगाच पैसे गेले, तरी कुरकुर तीच. शेवटी काच आणि ब्लेडची रबरी कड दोन्ही त्या अल्कोहोलच्या पाण्याने पुसल्यावर थांबलं. काचेला आता साधं द्रावण आणि वेगळं आखूड केसांचं फडकं. वडील म्हणतात ओला वर्तमानपत्राचा कागद सगळ्यात भारी, आणि काचेच्या बाबतीत ते बरोबर आहेत, फक्त शाई रबराच्या कडेला लागते.

मॅट रंगाची गाडी असेल किंवा मॅट रॅप, म्हणजे वरून चिकटवलेली फिल्म, असेल तर मेणवाला कुठलाच स्प्रे नको, ठिकठिकाणी चमकदार चट्टे उठतात. मॅटसाठी वेगळे येतात ते बघा.

अजून एक गोष्ट मला जमलेली नाही, ती म्हणजे दोन दरवाज्यांच्या मधला तो काळा चकचकीत खांब. पियानो ब्लॅक म्हणतात त्याला. तिथे नुसतं बघितलं तरी रेघ उमटते. सगळ्यात नवीन फडकं तिथे वापरतो, द्रावण भरपूर, हात एकदम हलका, तरी टॉर्च लावला की जाळं आहेच, दर महिन्याला थोडं जास्त. कोणी म्हणतं त्यावर पारदर्शक पीपीएफ, म्हणजे रंग वाचवणारी फिल्म, लावून घे. कोणाच्या खांबावर ती लावून वर्ष-दोन वर्षं झाली असतील तर कडा पिवळ्या पडतात का आणि त्यात धूळ शिरते का ते सांगा, त्या दोन पट्ट्यांना मला जो भाव सांगितलाय तो ऐकून मी अजून गप्प बसलोय.